वेगाचं चलान : भरावं की लढावं?

बदलीवर चंडीगडला आलेल्या मराठी कुटुंबाची गाडी पुष्कळदा एमएच पासिंगचीच असते. मग मध्य मार्गावर झालेल्या चलानाचा मेसेज आरसीवर नोंदवलेल्या, केव्हाच बंद झालेल्या मोबाइल नंबरवर जातो, आणि कागद पुण्या-नागपूरच्या पत्त्यावर. घरात कळेपर्यंत महिने उलटतात. सेक्टर १७ मधलं इंटिग्रेटेड कमांड अँड कंट्रोल सेंटर मार्च २०२२ मध्ये सुरू झालं. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांवर तिथून नजर असते. समोर हवालदारच नाही, त्यामुळे हुज्जत घालायचीही सोय नाही.

शहराची रचनाही वेगाला फूस लावणारी. ल कार्बुझिएने साधारण १२०० बाय ८०० मीटरचे सेक्टर आखले आणि त्यांच्याभोवती सरळ, रुंद, वेगवान रस्ते ठेवले. (सेक्टर १७ चा मधला चौक मात्र त्याने पायी चालणाऱ्यांना दिला!) पण ‘रस्ता रिकामा होता’, ‘सगळेच त्या वेगाने जात होते’ हा कोर्टात बचाव होत नाही. दवाखान्याची घाई होती, हेही फार तर दंड कमी करण्याची विनंती ठरेल. आता हिशेब पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार कारसाठी दंड १,००० ते २,००० रुपये. म्हणजे विनंती मान्य झाली तरी वाचणार जास्तीत जास्त हजार रुपये. जिल्हा न्यायालय आता सेक्टर १७ मध्ये नाही, सेक्टर ४३ मध्ये आहे. एक दिवसाची रजा आणि वकिलाची फी धरली, तर खरोखर वेगात होता त्यांनी निमूटपणे दंड भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चलानच चुकीचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच कलमानुसार दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला की लायसन्स जप्त होऊ शकतं. टॅक्सी चालवणाऱ्याला किंवा दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला पहिलं चुकीचं चलान ‘जाऊ दे, हजारच तर आहेत’ म्हणून भरणं पुढे महागात पडू शकतं. दंड भरला की गुन्हा मान्य केल्यासारखंच होतं.

चूक कुठे शोधायची? फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच आहे का? ३ चा ८ वाचला गेलाय का? मॉडेल, रंग जुळतो का? २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ नुसार फोटोत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसायला हवी. यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेलं हवं. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलकही हवा. शिवाय केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाची शिक्षा होऊ शकत नाही. तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. यातलं काही नसेल, तर तुमच्या बाजूने बोलायला मुद्दा आहे. आधी ट्रॅफिक पोलिसांकडे फोटोसकट लेखी तक्रार द्या. नंबर वाचण्यातली चूक पुष्कळदा तिथेच निस्तरता येते.

घरातला एक अवघड प्रश्न : गाडी बाबांच्या नावावर, चालवत होता मुलगा. मागितल्यास चालकाची माहिती देणं मालकावर कलम १३३ नुसार बंधनकारक आहे. ‘माझ्यावर घेतो’ हे वडिलांचं प्रेम कायद्याला चालत नाही. मुलगा अठराच्या आतला असेल, तर प्रकरण वेगाच्या चलानापुरतं राहतच नाही. कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लोकअदालतीची वाट पाहणारेही बरेच असतात. तिथे प्रकरण मिटतं, पण तुम्ही निर्दोष ठरत नाही. तेव्हा ज्यांना लढायचंच आहे त्यांच्यासाठी तो रस्ता नाही. चलान व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल, तर दंड भरणं किंवा आव्हान देणं असे दोन पर्याय दिसतात. आव्हान निवडलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. फोटो त्याआधीच डाउनलोड करून ठेवा. आणि मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. खोट्या चलानांचे मेसेज फार फिरतात. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका, आणि त्याच दिवशी आरसीवरचा मोबाइल नंबरही बदलून घ्या.