दावा मजुराचा, जबाबदारी चळवळीची

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशक फवारणारा मजूर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कक्षेत होता, हे किती घरांना ठाऊक होते?

वकील करावा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. मालकाला अपघात मान्य असेल, तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही कामगाराची बाजू मांडू शकतो. भरपाईतला वाटा फीपायी जाऊ नये. पण ‘हा मजूर आमचा नव्हेच’ असा पवित्रा मालकाने घेतला, की वकील हवाच. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना तो विनामूल्य मिळतो.

हा निर्णय जखमी मजुराला एकट्याने घ्यावा लागणे, हे चळवळीचेच अपयश होय. दवाखान्याचे कागद आणि मजुरीचा पुरावा कार्यकर्त्यांनी पहिल्याच दिवशी जपून ठेवावा.