सवय करायची म्हणजे काय करायचं?

‘यावर औषध नाही, सवय करून घ्या.’ कानात सतत आवाज येतो म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या कितीतरी माणसांना शेवटी हे वाक्य ऐकून घरी परतावं लागतं. माझ्याकडे श्रवणतपासणीला येतात तेव्हा त्यांच्या फायलीत रिपोर्ट असतात आणि मनात हे वाक्य असतं. डॉक्टर खोटं बोललेले नसतात. बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात जो आवाज ऐकू येतो, ज्याला आम्ही टिनिटस म्हणतो, तो कायमचा बंद करणारी गोळी आजही जगात कुठे मिळत नाही. पण वाक्याचा दुसरा भाग अर्धाच सांगितलेला असतो. ही सवय ज्यांना आपोआप लागत नाही, त्यांना ती लावावी लागते. तिची पद्धत आहे, तिला काही महिने लागतात, शिकवणारं माणूस लागतं. ती सवय हाच उपचार आहे. तो न करता नुसतं त्याचं नाव सांगून माणसाला वाटेला लावलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

इचलकरंजीचे एक मामा आठवतात. उभी हयात यंत्रमागावर गेली, आधी कामगार म्हणून आणि पुढे जॉबर म्हणून. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात असतो. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आदळतो, आणि असे कितीतरी माग एका पत्र्याखाली एकदम चालू असतात. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून, हातवारे करून बोलतात. पाळी बारा तासांची. मालकाने एक दिवस जुने माग भंगारात काढले, मामा घरी बसले आणि कान वाजायला लागले.

“म्याडम, माग चालू हुतं तवा कानाला काय बी न्हवतं. आता समदं गप झालं, तर ह्यो रातकिडा सुरू झालाय. झोपू दीत न्हाई बगा.”

शेजारी बसलेल्या मामी म्हणाल्या, “पंखा बी लावू देत न्हाईत. म्हणत्यात, शांत ऱ्हावू दे जरा.”

मामांना वाटत होतं की दुखणं नवीन आहे. ते जुनंच होतं. मागांच्या खडखडाटात ते झाकलं गेलं होतं, एवढंच. तो खडखडाट थांबला आणि ते उघडं पडलं.

आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्या असलेल्या कॉक्लियात, केसांसारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करायचं काम त्यांचं. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाने सगळ्यांत आधी उंच पट्टीच्या पेशी जातात, म्हणून मागावर काम केलेल्या माणसाच्या ऑडिओग्रामवर चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला दिसतो. मामांच्या आलेखात तो दोन्ही कानांना होता, आणि चांगला खोल होता. बोलण्यातले स, श, च, ट असे वर्ण याच पट्टीच्या आसपास असतात. त्यामुळे ‘ऐकू येतं पण समजत नाही’ ही तक्रारही बरोबरीने आलीच.

मग आवाज येतो कुठून? रात्री उशिरा घरचं माणूस यायचं असलं की आपले कान कसे टवकारलेले असतात, एरवी लक्षातही न येणारी खुसफुस मोठी वाटते. मेंदूचं तसंच होतं. ज्या पट्टीतले संदेश कानाकडून यायचे थांबले, त्या पट्टीत मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. मज्जापेशींमध्ये एरवीही थोडी कुजबुज चालूच असते, ती या वाढीमुळे आवाज म्हणून ऐकू यायला लागते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पावलाला खाज सुटल्यासारखी वाटते, त्यातलाच हा प्रकार आहे. श्रवणाच्या नसेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया करताना ज्यांची ती नस कापावी लागली, अशा पुष्कळ रुग्णांचा आवाज नस कापल्यानंतरही चालूच राहिल्याची नोंद आहे. कान तोडला तरी जो जात नाही, तो कानात थेंब घालून कसा जाईल?

शांतता शोधायची ही जी सगळ्यांची पहिली धाव असते, ती उलटते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकणं चांगलं असलेल्या ऐंशी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते टिपायला सांगितलं. चौऱ्याण्णव टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं लिहिलं. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचेच कान वाजतात. मामी पंखा लावायला निघाल्या होत्या ते बरोबर होतं.

मामांच्या तपासणीतला एक भाग मला इथे मुद्दाम सांगायचा आहे. आवाजबंद केबिनमध्ये हेडफोन लावून मी त्यांना एकेक सूर ऐकवत गेले आणि तुमच्या रातकिड्याशी कुठला जुळतो ते सांगा म्हटलं. चार हजारच्या पुढे गेल्यावर त्यांनी एकदम बोट वर केलं. “ह्योच!” त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. आपल्या डोक्यातली गोष्ट पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येत होती. मग आवाज किती मोठा आहे ते जुळवलं. त्यांना जेमतेम ऐकू येऊ लागतं तिथून फक्त सहा-सात डेसिबल वर. बहुतेक रुग्णांत हे माप असंच, दहाच्या आत भरतं. मोजला तर इतका बारीक आवाज, आणि रात्रीची झोप खाणारा. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि उपचाराचा सगळा पाया या अंतरात आहे. त्रास आवाजाच्या मोठेपणातून येत नाही, मेंदू त्याला ‘धोका’ समजतो त्यातून येतो. पावेल जस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेलं प्रारूप हेच सांगतं. श्रवणयंत्रणेतल्या त्या बारीक संकेताला भावना आणि भीती सांभाळणारे मेंदूचे भाग जोडले जातात. भीतीमुळे लक्ष तिकडे जातं, लक्ष गेलं की तो मोठा वाटतो, मोठा वाटला की भीती वाढते. घड्याळाची टिकटिक, फ्रिजची घरघर मेंदू दिवसभर ऐकतो आणि सोडून देतो, कारण त्यात धोका नाही हे त्याला ठाऊक असतं. तेच त्याला या आवाजाबद्दलही शिकवायचं.

तर सवय करायची म्हणजे हे करायचं. पहिलं म्हणजे समजून घ्यायचं, आणि यावर मी भरपूर वेळ घालवते. आपल्याला वेड लागत नाहीये, मेंदूत गाठ आहे म्हणून हे होत नाहीये, आवाज वाढत जाऊन आपण ठार बहिरे होणार नाही, हे आलेख समोर ठेवून सांगितलं की निम्मी भीती तिथेच उतरलेली मी पाहिली आहे. दुसरं, ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्र. हरवलेल्या पट्टीतले आवाज पुन्हा पोचायला लागले की मेंदूला ताणून ऐकायची गरज कमी होते. पुष्कळांना यंत्र लावलं असताना आवाज जाणवतच नाही. तिसरं, खोलीत हलकासा आवाज असू द्यायचा. पंखा, हळू लावलेली आकाशवाणी, मोबाइलवरचा पावसाचा आवाज, काहीही चालतं. फक्त तो आपल्या कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमीच ठेवायचा. पूर्ण झाकून टाकला तर मेंदूला त्याची ओळख होत नाही, आणि ओळख झाल्याशिवाय दुर्लक्ष होत नाही.

चौथा उपाय म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणूक यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत. त्रास कमी करण्याबाबत सगळ्यांत भक्कम पुरावा हिच्याच बाजूने आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात अठ्ठावीस अभ्यास आणि अडीच हजारांहून जास्त रुग्ण होते, आणि आवाजामुळे जगण्यावर होणारा परिणाम या पद्धतीने कमी होतो असं त्यात दिसलं. पण मानसतज्ज्ञाकडे जा म्हटलं की लोक दुखावतात, ‘म्हणजे मला मनाचा आजार आहे का?’ म्हणून विचारतात. आवाज खराच आहे, त्याला कसं सामोरं जायचं ते शिकायचं आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि ज्यांना या आवाजापायी जगणंच नकोसं वाटायला लागलंय त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांना सांगावं, डॉक्टरांना सांगावं, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर बोलावं.

औषधांचं काय? आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर बीटाहिस्टिन हमखास दिसतं. मेनिएरच्या आजारातल्या चक्करेसाठी ते देतात, पण नुसत्या कानातल्या आवाजावर त्याचा उपयोग झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे. सुश्रुतसंहितेत कर्णनादाचं नाव येतं, इतकं हे दुखणं जुनं आहे. पण म्हणून घरच्या घरी कानात तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर त्याने पू होतो. नवी यंत्रंही येताहेत. आवाज आणि जिभेवरची सौम्य विद्युत उत्तेजना एकत्र देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये परवानगी दिली. पण जे साधं आणि सिद्ध आहे तेच लोकांपर्यंत पोचत नसताना मी रुग्णांना त्या वाटेची घाई करत नाही.

श्रवणयंत्र महाग पडतं, हे खरंच आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून ते मिळू शकतं आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीची चांगली सोय आहे. मात्र योजनेसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. ज्याचं ऐकणं थोडंच कमी झालंय पण आवाजाने झोप उडाली आहे, तो या मापात कुठेच बसत नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, पण पत्र्याच्या शेडमधल्या मागापर्यंत तो कायदा क्वचितच पोचतो. अमेरिकेत माजी सैनिकांना मिळणाऱ्या अपंगत्वाच्या भरपाईत संख्येने सर्वांत वरची तक्रार टिनिटसची आहे. आमच्या मागवाल्याच्या कानाचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही, आणि मला हे साफ अन्यायाचं वाटतं.

सगळ्यांचीच गोष्ट मामांसारखी नसते. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की आवाज थांबतो. कधी कारण औषधात असतं. जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, क्विनाइन, कर्करोगावरचं सिस्प्लाटिन ही त्यातली नावं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी कॅनामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घेतलेले आणि कान गमावलेले तरुण मी पाहिले आहेत. आता त्या जागी तोंडाने घ्यायच्या औषधांचे उपचार आले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण कानात आवाज येतो म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि काही वेळा ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असं म्हणून चालत नाही. आवाजाबरोबर एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त, आणि ‘सर्दीने कान भरला असेल’ म्हणून घालवलेले दिवस परत मिळत नाहीत. आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर स्कॅन लागू शकतो. बाकीच्यांना सरसकट एमआरआय करायची गरज नसते.

मामांना दोन्ही कानांना यंत्रं बसवली, पंखा सुरू झाला. रातकिडा गेला नाही. “हाय की अजून. पर आता त्येचं त्येला, माजं मला,” असं ते काही महिन्यांनी म्हणाले. मधूनच एखादी रात्र वाईट जाते, विशेषतः घरात काही टेन्शन असलं की, आणि हे असंच चालायचं हे त्यांना आता माहीत आहे.

मामांच्या पिढीला कुणी सांगितलं नाही. पण ढोल-ताशा पथकांत वाजवणारी कॉलेजची मुलं माझ्याकडे येऊ लागली आहेत, त्यांना तरी वेळेवर सांगायला हवं. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध उभं राहणाऱ्याला यापेक्षा जास्तच सोसावं लागतं. मिरवणुकीनंतर रात्रभर कान वाजतात आणि सकाळी थांबतात, म्हणून मुलं निर्धास्त असतात. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की ऐकणं पूर्ववत झाल्यासारखं वाटलं, तरी पेशी आणि नस यांच्यामधले जोड कायमचे तुटलेले असतात.

कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. ताल त्यातूनही नीट ऐकू येतो. आणि सरावालाही घाला, कारण मिरवणूक एक दिवसाची असते आणि सराव कितीतरी आठवडे चालतो.