आकाशातली विळी

चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे खूर आणि मागून येणारे तीन म्हणजे ती बाज पळवायला टपलेले चोर. सप्तर्षींची ही गोष्ट मराठी खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. शास्त्री-पंडितांना तिथे मरीची, वसिष्ठ, अंगिरस दिसले आणि लग्नात वधूवरांना वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवण्याची चाल पडली. दिवसभर राबून अंगणात पाठ टेकणाऱ्याला मात्र बाजच दिसली. इंग्रज शेतकऱ्याला त्याच सात ताऱ्यांत नांगर दिसला, तर अमेरिकेत लांब दांड्याचे ओगराळे.

हे सगळे आठवायचे कारण वेगळे आहे. ओळखीच्या घरातल्या तिसरीतल्या एका मुलीने वहीत हे सात तारे काढून जोडले आणि दांड्याचा कुकर तयार केला. वर शिट्टीही काढली. शाळेतून वही परत आली ती ‘चूक’ असा शेरा घेऊन. त्या मुलीने वाद घातला नाही, रडलीही नाही. पुढच्या पानावर तिने पुस्तकातली आकृती मुकाट्याने उतरवून काढली. मला त्या मुकाट्याने उतरवण्याचे फार वाईट वाटले.

कारण चूक ठरवायची तर आधी बरोबर काय ते हवे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1922 साली रोमच्या अधिवेशनात 88 तारकासमूहांची यादी मान्य केली. पुढे बेल्जियमच्या यूजेन देलपोर्त यांनी त्यांच्या हद्दी आखल्या आणि 1930 साली त्या प्रसिद्ध झाल्या. ठरल्या त्या नावे आणि हद्दी. कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत रेघ ओढायची, हे अधिकृतपणे कुणीच ठरवलेले नाही. बँकेत असताना कर्जप्रकरणांपायी मी शेकडो गटांचे नकाशे चाळले. नकाशात बांध असतो, चतुःसीमा असते, पण त्या रानात ज्वारी घ्यायची की कपाशी, हे नकाशा सांगत नाही. आकाशाचेही तसेच. शिवाय हे तारे एकमेकांचे शेजारी असतात असेही नाही. सप्तर्षींतले पाच आपल्यापासून साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर एकत्र प्रवास करतात, तर क्रतू आणि मरीची शंभरच्याही पलीकडे आहेत. चित्र आपल्या डोळ्यांत आहे, तिथे वर नाही.

आणि आपल्या मंडळींनी तरी दुसऱ्याचे चित्र कुठे जसेच्या तसे घेतले? ग्रीकांनी उत्तरेकडे एक कुटुंब बसवले: राजा सेफियस, त्याची राणी कॅसिओपिया, मुलगी अँड्रोमेडा आणि तिला सोडवणारा पर्सियस. मराठी पुस्तकांत तेच तारे वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती झाले. तिकडची बायको इकडे मुलगी झाली. तिकडे एक सरळ सुटकेची गोष्ट होती, आपण तिथे दोन बायकांचे वैर आणि एका राजाची हाव नेऊन ठेवली. कादंबरीकार म्हणून मला हे भाषांतर मुळापेक्षा सरस वाटते. (ग्रीकांनी रागावू नये.) हस्ताचे तर आणखीच गमतीचे. पाच ताऱ्यांचा तो हाताचा पंजा. पण सूर्य हस्तात गेला की आपल्या मुली पाटावर काढतात तो हत्ती, आणि त्याच्याभोवती फेर धरून हादगा-भोंडला खेळतात. हाताचा हत्ती झाला, म्हणून त्यांच्या पाटावर कुणी लाल शाई फिरवली नाही.

आमच्या घरी सिंह राशीला विळी म्हणत. हे नाव माझ्या पत्नीचे. मघा तारकेपासून वर जाऊन बाहेर वळणारी ताऱ्यांची कमान हे पाते आणि मागे उत्तरा फाल्गुनीपर्यंत पसरलेला भाग हा पाट. बदलीच्या एका गावी उन्हाळ्यात वीज जायची, तेव्हा आम्ही गच्चीवर अंथरूण टाकायचो. तिथे तिने ही विळी मला पहिल्यांदा दाखवली. पात्याच्या टोकाशी बारीक खवणीही आहे, असे तिचे म्हणणे होते. तिला जाऊन काही वर्षे झाली. मी आकाशावरची पुस्तके पुष्कळ वाचली, सिंहाची आयाळ, शेपटी सगळे पाठ आहे, पण वर पाहिले की सिंह दिसत नाही. विळी दिसते. घरातल्या लेकी-सुनाही आता विळीच म्हणतात. त्यांतल्या एकीच्याही स्वयंपाकघरात विळी उरलेली नाही, ती फक्त वर राहिली आहे.

असली घरगुती चित्रे काढण्याचा मोह मोठमोठ्या ज्योतिर्विदांनाही सुटला नाही. फ्रान्सचा लाकाय 1751-52 मध्ये केप ऑफ गुड होपला बसून दक्षिणेचे तारे मोजत होता. त्याने चौदा नवे तारकासमूह केले. त्यांत ना देव ना राक्षस. सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, हवेचा पंप, चित्रकाराची घोडी! त्याच देशातल्या लालांदला मांजरांचा फार लळा. त्याने 1799 साली वासुकीच्या परिसरातले काही तारे गोळा करून चक्क मांजर बसवले. बोडेच्या 1801 च्या नकाशासंग्रहात ते छापलेही गेले. 88 च्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. पण 2018 साली त्याच संघाने त्या जागेतल्या एका ताऱ्याला ‘फेलिस’, म्हणजे मांजर, हे नाव अधिकृतपणे दिले.

हा तारा नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो, तोही गडद अंधारात. अंधारच आता मिळेनासा झाला आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मघा दिसते, पात्याचा बाक मात्र दिव्यांच्या पिवळट धुरकट उजेडात विरून गेला आहे. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोख राखण्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते, असे दिवस आले आहेत.

वैशाखातल्या अमावास्येच्या आसपास गावी जाणे झाले तर रात्री साडेआठच्या सुमारास अंगणातला दिवा मालवावा. उत्तरेला बाज असते, डोक्यावर विळी. मुले बरोबर असतील तर नावे मागाहून सांगावीत.