शिल्लक निधी पेव्हर ब्लॉकला नको

मार्च उजाडला की नगरपरिषदांतून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. केंद्राचा निधी पडून आहे, वेळेत लावला नाही तर हातचा जाईल, तेव्हा कुठे का होईना पण लावून टाका. जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात घरपट्टी-पाणीपट्टीच्या जिवावर फार मोठी कामे होत नाहीत. तिथे आलेला पैसा परत जावा असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. पण घाई हे काही कामाच्या निवडीचे कारण होऊ शकत नाही. मार्चअखेरीस जे काम चटकन उरकते ते बहुधा पेव्हर ब्लॉकचे, प्रवेशद्वाराचे किंवा हायमास्टचे असते, आणि गावाला त्याची निकड असतेच असे नाही.

हा पैसा कसला, ते आधी पाहू. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी लहान शहरांच्या अनुदानाचे दोन भाग केले. 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधितातला निम्मा हिस्सा स्वच्छतेला आणि घनकचऱ्याला. उरलेला निम्मा पिण्याच्या पाण्याला, पावसाचे पाणी साठवण्याला आणि पाण्याच्या पुनर्वापराला. अबंधित रक्कमसुद्धा पगार आणि आस्थापनेवर घालता येत नाही. तरी शिल्लक उरतेच. निविदा बिलो जाते, एखादे काम जागेच्या वादात अडकते, तांत्रिक मान्यता रखडते, खात्यावर व्याज साचते.

ही शिल्लक वळवायची तर ठराव हवा, आणि खरी मेख तिथेच आहे. सभेची विषयपत्रिका नीट वाचावी. वरचे विषय तपशिलाने छापलेले असतात. अगदी तळाशी एक ओळ असते, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. शिल्लकेचे असे पुनर्विनियोजन या ओळीतून आत शिरले की किती रक्कम, कोणत्या कामातून उरली आणि कुठे चालली, हे सदस्यांना हात वर केल्यानंतर कळते. नागरिकांना तर कुदळ पडल्यावरच.

घाईच्या युक्तिवादापेक्षा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिल्लीने अटी घालून गावाचे हात बांधावेत कशाला? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य दिले ना? अमेरिकेचा दाखलाही देता येतो. तिथल्या 2021 च्या कायद्याने राज्यांना आणि स्थानिक संस्थांना 350 अब्ज डॉलर मिळाले. त्यातली प्रत्येकी एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेला महसूल समजून जवळपास कोणत्याही सरकारी सेवेवर वापरण्याची मुभा होती. पण तो कोविडचा एकवेळचा दिलासा होता. शिवाय 31 डिसेंबर 2024 पर्यंत पैसा कोणत्या कामाला बांधला हे त्यांनाही ठरवावे लागलेच. आपल्याकडचे अनुदान पाच वर्षे चालणारे आहे, आणि हात बांधल्याची तक्रार अर्धीच खरी आहे. पाणी किंवा स्वच्छता यांपैकी एका बाबीची गरज पूर्ण भागली असेल, तर तो पैसा दुसरीकडे वापरण्याची सवलत नियमांतच आहे. पिण्याच्या पाण्याची गरज पूर्ण भागली, असे जळगाव जामोद तालुक्यात कोणता अधिकारी लिहून देईल?

तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, भांड्याला आतून पांढरा थर चढतो. शेजारच्या संग्रामपूरसह इथल्या गावांतले मूत्रपिंडाचे आजार वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. वान धरणावरून 140 गावांची योजना करावी लागली ती याचसाठी. अशा भागातल्या नगरपरिषदेने पाण्याच्या हिश्शातली शिल्लक गळक्या जलवाहिन्या, जुन्या झडपा आणि पाणी तपासणी यांवरच लावावी. अबंधित शिल्लक उरली तर ती नाल्यांकडे जावी. जुलै 2023 च्या पावसाने या दोन तालुक्यांत काय केले ते लोक विसरलेले नाहीत.

कोणी म्हणेल, नव्या कामाला वेळ लागतो. लागतोच. म्हणून तर शिल्लक रकमेसाठी कामांची तयार अंदाजपत्रके डिसेंबरपूर्वी फायलीत असावीत. मार्चच्या धावपळीला सबब हवी असते, आणि तयारी असली की ती उरत नाही.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते, तेव्हा ठराव कोणाला विचारून झाले हा प्रश्नच नव्हता. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. एक एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा कालखंड आहे, म्हणून जुन्या शिल्लकेचा हिशोब आता लागायला हवा. नव्या नगरसेवकांना विनंती इतकीच: कामनिहाय शिल्लक, तिचा बंधित-अबंधित हिस्सा आणि प्रस्तावित नवे काम यांची यादी सभेच्या आठ दिवस आधी फलकावर लागल्याशिवाय पुनर्विनियोजनाच्या ठरावाला हात वर करू नका.