पाऊच आमच्यासमोर फोडा, डॉक्टर

जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत काम जोरात सुरू झाले की दातदुखी मागे पडते. रोज बुडवणे परवडत नाही. मूर्ती आपल्या घरात बसत नाही, पण वस्तीतल्या कित्येकांची मजुरी तिथलीच आहे. लवंग, मशेरी आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर दिवस निघतात. मग गाल सुजतो आणि एखाद्या संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या वेळेला, माणूस डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसतो. डोक्यात दोनच प्रश्न असतात : दुखेल किती आणि पैसे किती? हे हत्यार याआधी कुणाच्या तोंडात होते आणि मधल्या वेळात त्याचे काय केले, हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारायलाच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दात काढताना, हिरड्या साफ करताना रक्त येते. ते चिमट्याला लागते, ड्रिलच्या टोकाला लागते. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हत्यार नळाखाली धुतले, स्पिरिटने पुसले, पातेल्यात उकळले म्हणजे झाले, असे अजूनही अनेकांना वाटते. ते पुरेसे नाही. काही जंतू उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. हत्यार आधी घासून धुवायचे, मग पाऊचमध्ये बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे. हे यंत्र प्रेशर कुकरसारखेच असते. आत १२१ अंशांची वाफ दाबाखाली ठरलेला वेळ राहिली की जंतू मरतात. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदललेला दिसतो. निळा दिवा लावलेले कपाट अनेक दवाखान्यांत असते. ते निर्जंतुक केलेले हत्यार ठेवायला ठीक, निर्जंतुक करायला नाही.

हत्याराइतकेच पाण्याकडेही लक्ष हवे. तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यातल्या वाणियंबाडी गावात २०२३ मध्ये काय झाले ते वाचकांनी लक्षात ठेवावे. तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्यांपैकी आठ जण मेंदूच्या संसर्गाने दगावले. आजाराचे नाव मेलिऑयडोसिस. त्याचा जंतू ओल्या मातीत, भातशेतीच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात राहतो. तपासात समोर आले ते इतके साधे होते की वाचून अंगावर काटा येतो. जखम धुवायची सलाईनची बाटली दातांच्याच एका हत्याराने भोसकून उघडायची, ती तशीच अर्धवट बंद ठेवायची आणि तेच पाणी पुढच्या पेशंटला वापरायचे. एका बाटलीची काटकसर आठ माणसांच्या जिवावर बेतली.

म्हणून खुर्चीत बसल्यावर डोळे मिटून घेऊ नका. हत्यारांचा पाऊच आपल्यासमोर फुटला पाहिजे. हातमोजे नवे हवेत. मागच्या पेशंटच्या तोंडात गेलेले मोजे साबणाने धुऊन चालत नाहीत. सलाईनची बाटली आधीपासून उघडी असेल तर नवी मागा. आणि सर्वांत जास्त लक्ष सुन्न करायच्या इंजेक्शनवर ठेवा. भुलीच्या औषधाची मोठी बाटली अनेकांसाठी वापरली जाते. सुई नवी घेतली पण सिरिंज जुनीच ठेवली, किंवा एकदा टोचलेली सुई अजून थोडे औषध घ्यायला पुन्हा बाटलीत घातली, तर पूर्ण बाटली दूषित होऊ शकते. पुढचे सगळे पेशंट त्याच बाटलीतले औषध घेणार. सुई आणि सिरिंज दोन्ही प्रत्येकाला नवी, आणि बाटलीत दरवेळी कोरीच सुई. यात तडजोड नाही.

दवाखाना लहान आहे, एका खोलीचा आहे, म्हणून तो वाईट असे आम्ही म्हणत नाही. टेबलावर मावणारा ऑटोक्लेव्ह त्या खुर्चीपेक्षा स्वस्त येतो. स्वच्छता पाळणारे डॉक्टर लहान गावांतही आहेत, आणि विचारले तर ते आनंदाने दाखवतात. अडचण आपल्या बाजूचीही आहे. डॉक्टरसाहेबांना कसे विचारायचे, ते रागावले तर, परत घेतले नाही तर? वस्तीतला पेशंट विचारणार नाही, हे गृहीत धरणारेही काही असतात. फी कमी घेतली म्हणून सुई जुनी चालेल, असा कुठलाच नियम नाही. आणि एचआयव्ही किंवा कावीळ आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एचआयव्ही असलेल्यांशी असा भेदभाव गुन्ह्याच्या पातळीवर नेला नसला तरी त्याला स्पष्ट मनाई केली आहे. प्रत्येक पेशंटला संसर्ग आहे असे समजूनच काळजी घ्यायची, हीच खरी पद्धत आहे.

सरकारची बाजू मात्र लंगडी आहे. कायद्यानुसार नोंदणी असलेल्यालाच दातांवर उपचार करता येतात. त्यामुळे भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे आणि बाजारात बसून कवळ्या बसवणाऱ्याकडे जाऊ नये. वापरलेल्या सुया आणि रक्ताचा कापूस कुठे टाकायचा याचे २०१६ चे नियम बिनखाटेच्या दवाखान्यालाही लागू आहेत. पण दवाखान्याची स्वतःची नोंदणी आणि तपासणी? १९४९ चा नर्सिंग होम कायदा रुग्ण दाखल करणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे जिथे खाट नाही, फक्त खुर्ची आहे, तिथला ऑटोक्लेव्ह चालतो की नुसता शोभेला ठेवला आहे, हे नेमाने येऊन बघणारे कुणी नाही. दातांचे दवाखाने तर बहुतेक असेच. राज्याने ही फट बुजवली पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. कावीळ ब ची लस बाळांना सरकारी लसीकरणात मोफत मिळते, पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत. मोठ्यांना ती मिळाली नसेल तर तीन डोस घ्यावेत : आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगावे. पैशांची अडचण असेल तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मोठे काम असेल तर मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनपासून जवळच आहे. नोंदणी असलेल्या डॉक्टरबद्दल तक्रार दंत परिषदेकडे लेखी करता येते. तारीख, काय पाहिले आणि पावती सोबत जोडावी. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून पैसे देतानाच मागून घ्यावी.