ओसरीवरून : देवळामागची भिंत

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा नातू पुण्याहून वाईस आला होता. सातव्या इयत्तेंतला मुलगा. चौकस, आणि थोडा फटकळहि. दोन दिवस झाले न झाले तोंच त्यानें विचारलें, "आजोबा, या गांवांत पाहण्यासारखें आहे तरी काय?" येथील राहतें घर विकून आम्हीं उभयतांनीं पुण्यास यावें असा चिरंजीवांचा आग्रह चालू असल्यामुळें तो प्रश्न मला जरा लागलाच. उत्तर न देतां दुसऱ्या दिवशीं पहांटेस मी त्यास घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलों.

ढोल्या गणपतीचें दर्शन झाल्यावर मुलगा देवळाच्या मागील बाजूस गेला आणि थबकला. "आजोबा, ही भिंत सरळ कां नाहीं? नावेसारखी टोंकदार कशाला?"

मीं म्हटलें, "बाळ, हें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलें. पावसाळ्यांत ही कृष्णामाई महाबळेश्वराच्या डोंगरांतून केवढें पाणी घेऊन उतरते, तें बांधणारांस ठाऊक होतें. भिंत सपाट असती तर पुराचा लोंढा तिजवर आदळला असता. या टोंकावर तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनीं निघून जातो."

"मग अजून एकदांहि पडली नाहीं?"

"अडीचशेंहून अधिक पावसाळे तिनें पाहिले आहेत."

मुलगा त्या दगडांवरून हात फिरवीत बराच वेळ उभा राहिला.

तेथून आम्ही प्राज्ञपाठशाळेकडे वळलों. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें संन्यास घेतलेले स्वामी केवलानंद सरस्वती, यांनीं १९१६ सालीं ती स्थापिली. गांधीजींच्या आश्रमांतून रजा घेऊन विनोबा वेदान्ताच्या अध्ययनासाठीं त्यांच्याचपाशीं आले होते. खानदेशांतील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशीहि येथें लहान वयांत शिकावयास आले, ते वाईचेच झाले. १९२३ सालीं ते तर्कतीर्थ झाले. ज्या शास्त्रांच्या आधारें अस्पृश्यतेचें समर्थन होई, त्याच शास्त्रांच्या अभ्यासाच्या बळावर त्यांनीं अस्पृश्यतानिवारणाचा पक्ष मांडला, ही गोष्ट आपल्या घरांतून विशेष आठवणींत ठेवण्याजोगी आहे. पुढें मराठी विश्वकोशाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हां ते मुंबईस गेले नाहींत. कामच वाईस आलें. पहिला खंड १९७६ सालीं निघाला. शास्त्रीबोवा १९९४ सालीं निवर्तले. विसावा खंड २०१५ सालीं पुरा झाला. एका पिढीनें आरंभिलेलें काम दुसरीनें तडीस नेलें, आणि तें या एवढ्याशा गांवांत झालें.

हें सांगतां सांगतां माझें मलाच ओशाळल्यासारखें झालें. मीं चौतीस वर्षें याच गांवांत शिक्षकी केली. मुलांकडून पानिपतचें साल घोकून घेतलें, फ्रान्समधील राज्यक्रांतीचीं कारणें पाठ करवून घेतलीं. परंतु शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर असलेल्या त्या भिंतीपाशीं एकहि वर्ग कधीं नेला नाहीं. परीक्षेंत तिच्यावर प्रश्न येत नसे, एवढेंच त्याचें कारण! शिकलीं सवरलीं मुलें गांव सोडून गेलीं म्हणून आम्ही वडीलधारीं माणसें हळहळतों. पण जें गांव त्यांनीं सोडलें, तें आम्हीं त्यांस दाखविलें होतें कोठें? चिरंजीवहि माझ्याच वर्गांत शिकले.

सुटी संपल्यावर ते मुलास न्यावयास आले. मुलानेंच त्यांचा हात धरून त्यांस देवळामागें नेलें व पुराचें पाणी कसें दुभंगतें तें समजावून सांगितलें. लहानपणीं याच घाटावर पोहावयास शिकलेला हा गृहस्थ ती भिंत जणूं प्रथमच पाहत होता. घरीं आल्यावर ते नुसतें एवढेंच म्हणाले, "बाबा, हें तुम्हीं मला कधीं सांगितलें नाहींत." मजपाशीं त्यास उत्तर नव्हतें.

घराचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. चिरंजीवांचें चुकतें असें मी म्हणणार नाहीं. वय झालें कीं दुखणें कांहीं सांगून येत नाहीं, आणि बंद घरास वाळवीहि सोडीत नाहीं. घर कदाचित् जाईल. परंतु दर सुटींत एक महिना मुलानें वाईस यावें, एवढें मात्र ठरलें आहे.

वाचकहो, आपलें गांव वाईएवढें नांवाजलेलें नसेल, तरी तेथेंहि एखादी जुनी विहीर, पार किंवा धर्मशाळा असेलच. ती कोणीं बांधली, अशीच कां बांधली, हें सांगणारें एखादें माणूस अजून आपल्या घरांत असेल. आज रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांस त्याच्यापाशीं बसवा, आणि ऐकलेलें वहींत लिहून ठेवावयास सांगा. आमच्याकडे हें काम चाळीस वर्षें उशिरां सुरू झालें.