दोष तबकडीचा, शिक्षा लिनक्सला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि थोडं चिडूनच लिहितोय. निमित्त आमच्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपचं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 माझ्या यंत्रावर बसत नाही, कारण त्याला टीपीएम 2.0 ची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. पुण्याहून पुतण्याचा फोन आला, "काका, आता तो डबा भंगारात देऊन टाका." भंगाराला जालन्यात गिऱ्हाइकाची काय वाण! आमच्या स्टीलच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. पण बटण दाबलं की सुरू होणारं, चार जीबी रॅमचं धडधाकट यंत्र केवळ एका तारखेमुळे भंगार कसं होतं, हे काही मला पटेना.

म्हणून लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती उतरवून घेतली. फाइल पावणेतीन जीबीच्या आसपास. कपाटात शाळेच्या गॅदरिंगच्या वेळच्या कोऱ्या डीव्हीडी पडून होत्या. एक काढली, फाइल तिच्यावर कॉपी केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. आलं काय? विंडोजच! तीनदा केलं, तीनदा विंडोज.

दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "सर, लिनक्स आपलं काम नाही. इंजिनिअर लोकांचं आहे ते. पाचशे रुपयांत विंडोज मारून देतो." लायसन्सचं काय, असं विचारलं तर हसला. चोरीचा माल घालून द्यायला तो तयार, पण तबकडीत काय आहे ते उघडून पाहायला तयार नाही!

पाहिलं असतं तर कळलं असतं. तबकडीवर आयएसओ नावाची एकच फाइल जशीच्या तशी बसली होती. ही फाइल म्हणजे अख्ख्या तबकडीचा साचा असतो. तो नुसता कॉपी करून चालत नाही, 'बर्न डिस्क इमेज' म्हणून उतरवावा लागतो, तेव्हा कुठे ती तबकडी बूट होते. चूक शंभर टक्के माझी. लिनक्सचा अजून यंत्राशी संबंधही आला नव्हता.

दुसरी तबकडी नीट बनवली. बायोसमध्ये जाऊन डीव्हीडीचा नंबर हार्डडिस्कच्या आधी लावला. मिंटचं हिरवं चिन्ह दिसलं तेव्हा एवढा आनंद झाला की सौ.ला हाक मारून दाखवलं. भाषांच्या यादीत मराठीही होती. पण फाइली कॉपी होता होता मध्येच गाडी अडली, 'इनपुट/आउटपुट एरर'. पुतण्या फोनवर म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना?"

काय म्हणत होतास रे बाबा? नापास झालेल्या मुलाचे पालक गुणपडताळणीचा अर्ज करतात, तेव्हा आपण आधी बेरीज तपासतो की मुलगा ढ आहे म्हणून अर्ज फेकून देतो? इथेही बेरीज तपासायची सोय आहे. मिंटवाले फाइलसोबत एसएचए-256 नावाचा चेकसम देतात, चौसष्ट अंक-अक्षरांची ओळ. आपल्याकडच्या फाइलचा चेकसम काढायचा आणि ताडून पाहायचा. मी एका कागदावर लिहून, एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडला. तंतोतंत जुळला. म्हणजे फाइल चांगली. मग तबकडी तपासली, आणि नेमकी तीच खराब निघाली. कोऱ्या डीव्हीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उष्णतेने बिघडतो. आमच्याकडचे कित्येक मे महिने त्या बिचाऱ्या पत्र्याच्या कपाटात काढत होत्या.

नवी डीव्हीडी आणली. बर्निंगचा वेग कमी ठेवला, शेवटी 'व्हेरिफाय'ची खूण केली. या वेळी स्क्रीन काळी पडली, पण मेनूतल्या 'कम्पॅटिबिलिटी मोड'ने तेही सुटलं. पाऊण तासात काम फत्ते. हा लेख मी त्याच यंत्रावर, इनस्क्रिप्ट कळफलकाने टंकतोय.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. स्कॅनर अजून रुसलेला आहे. ज्याचा धंदा टॅलीवर आहे त्याने माझं ऐकून विंडोज काढू नये. पण ज्याला पत्रं लिहायची आहेत, बँकेचं पासबुक पाहायचं आहे, नातवंडांचे फोटो ठेवायचे आहेत, त्याला 'तुमचं काम नाही' असं सांगणारे तुम्ही कोण? आणि तेही तपासल्याशिवाय? वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही सवय आम्हा शिक्षकांनाही लागली. 2001 मध्ये एमएस-सीआयटी आला, आम्ही तो केला, आणि संगणक म्हणजे विंडोज ही समजूत आम्हीच करून घेतली. तिकडे केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. आज 'काइट' ही त्यांची संस्था शाळांसाठी उबुंटूवर बेतलेलं लिनक्स स्वतः तयार करते आणि शिक्षकांना ते शिकवते. तिथले शिक्षक काही सगळे इंजिनिअर नाहीत.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहायचं कारण घरचा डबा नाही. तालुक्यातल्या एका शाळेत, नाव लिहीत नाही, सहा संगणक ताडपत्रीखाली झाकून ठेवलेत. 'कालबाह्य' असा शेरा मारून ते लिलावात काढायचं चाललंय. मी विचारलं, शेरा कुणी मारला? तर दुकानातल्या मुलाने. यंत्रं सुरू करून पाहिली का? नाही. संगणकाच्या तासाला मुलं पुस्तकातलं माऊसचं चित्र पाहतात.

मुख्याध्यापकांकडे आठ दिवस मागितले आहेत. त्यांनी "बघू सर" म्हटलंय. नव्या डीव्हीडी आणून ठेवल्यात, या वेळी पत्र्याच्या कपाटात नाही. पुतण्या, दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये.